शीत सागरातील जलांतर्गत छायाचित्रण

थंड समुद्रातील जीवसृष्टी व बुडालेल्या जहाजांचे अवशेष यांची पाण्याखाली छायाचित्रे घेण्याचे तंत्र. ध्रुवीय सागर, बाल्टिक समुद्र, ब्रिटिश बेटांभोवतालचा समुद्र आणि उत्तर अटलांटिक महासागराचा खोल तळ ही त्याची प्रमुख क्षेत्रे होत. यांपैकी काही ठिकाणी लाकडी जहाजे शतकानुशतके टिकतात. माणसाला मात्र त्या पाण्यात फार वेळ थांबता येत नाही. या विरोधामुळे या तंत्राचा इतिहास हा बव्हंशी माणसाऐवजी कॅमेरा पाण्यात पाठविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे. जे अवशेष वर काढता येत नाहीत किंवा काढणे उचित नसते, त्यांचा छायाचित्र हाच मुख्य अभिलेख ठरतो.

प्रारंभ : इंग्लंडमधील निसर्गाभ्यासक विल्यम टॉमसन यांनी १८५६ मध्ये वेमथ उपसागरात एका पेटीत बसविलेला कॅमेरा होडीतून सु. ५·५ मी. खोल सोडला. झडप दोरीने उघडून सु. १० मिनिटे उद्‌भासन दिले असता, पेटीत पाणी शिरूनही, काचपट्टीवर तळावरील खडक व शैवाल यांची अंधुक प्रतिमा उमटली. फ्रेंच जीववैज्ञानिक ल्वी बूतां यांनी १८९३ मध्ये भूमध्य समुद्रकिनाऱ्यावरील बान्यूल्स येथे स्वतः पाणबुड्याचा पोशाख घालून छायाचित्रे घेतली व पुढे कृत्रिम प्रकाशाचाही वापर केला. १९४३ मध्ये कूस्तो व गान्यां यांनी सिद्ध केलेले श्वसनोपकरण, १९५० नंतर प्रचारात आलेला निओप्रीन रबराचा पोशाख आणि १९६३ मध्ये बाजारात आलेला निकोनॉस हा जलरोधी कॅमेरा यांमुळे हे छायाचित्रण हौशी पाणबुड्यांच्याही आवाक्यात आले.

अडचणी व उपाय : पाण्यात तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो; त्यामुळे दिव्याशिवाय घेतलेली चित्रे निळसर वा हिरवट येतात. तरंगणाऱ्या कणांवरून दिव्याचा प्रकाश परतून चित्रात पांढरे ठिपके उमटतात, म्हणून दिवा भिंगापासून दूर व तिरपा धरतात. प्रकाशाच्या प्रणमनामुळे सपाट काचेतून वस्तू जवळ व मोठ्या दिसतात. हा दोष घुमटाकार काचेने कमी होतो. थंडीमुळे यात आणखी भर पडते. विद्युत् घटमालेची क्षमता घटते, कॅमेऱ्याच्या आवरणात बाष्प साचून काच धुरकट होते, हवेच्या नियंत्रकात बर्फ धरतो आणि पाणबुड्याची बोटे बधिर होतात. समुद्राचे पाणी सु. –१·९° से.ला गोठत असल्याने बर्फाखालचे पाणी शून्याहूनही थंड असू शकते. उन्हाळ्यात वनस्पतिप्लवकांच्या वाढीने पाणी गढूळ होते. याउलट अंटार्क्टिकातील मॅकमर्डो साउंड येथे वसंत ऋतूच्या आरंभी बर्फाखाली १०० मी.हून अधिक अंतरावरचे दिसू शकते.

जीवसृष्टी व अवशेष : प्लवकांनी समृद्ध अशा थंड पाण्यात बुडालेले जहाज म्हणजे प्राण्यांना चिकटून राहण्यास मिळालेला खडकच होय. स्कॉटलंडजवळील स्कापा फ्लो येथे २१ जून १९१९ रोजी जर्मन नौदलाने स्वतःच बुडविलेल्या जहाजांपैकी जी तळाशी उरली, त्यांवर समुद्रपुष्पे, मृदू प्रवाळ व तारामीन यांची दाट वस्ती आढळते. लाकडी जहाजांचा मुख्य शत्रू म्हणजे लाकूड पोखरणारा टेरेडो हा मृदुकाय प्राणी. बाल्टिक समुद्राच्या अल्प क्षारतेमुळे तो तेथे बहुतेक भागांत तगत नाही. म्हणूनच १६२८ मध्ये बुडालेले ‘व्हासा’ हे स्वीडिश जहाज १९६१ मध्ये जवळजवळ अखंड वर काढता आले. अंटार्क्टिकात १४ महिने समुद्रतळावर ठेवलेले लाकूड जवळजवळ अबाधित राहिल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

उल्लेखनीय मोहिमा : उत्तर अटलांटिकमध्ये सु. ३,८०० मी. खोलीवरील ‘टायटॅनिक’ १ सप्टेंबर १९८५ रोजी ‘आर्गो’ या दूरनियंत्रित उपकरणाच्या कॅमेऱ्यांना प्रथम दिसले. कॅनडाच्या आर्क्टिक भागात, १८४५ मध्ये १२९ माणसांसह निघून नष्ट झालेल्या फ्रँक्लिन मोहिमेची ‘एरेबस’ व ‘टेरर’ ही जहाजे अनुक्रमे २०१४ व २०१६ मध्ये सापडली. शोधास इन्यूइट लोकांच्या मौखिक परंपरेचे साहाय्य झाले. २०१९ मध्ये ‘टेरर’मध्ये सोडलेल्या लहान यंत्राने फळ्यांवर जागच्या जागी असलेल्या बश्या व बाटल्या टिपल्या.

शॅकल्टन यांचे ‘एन्ड्युअरन्स’ हे जहाज वेडेल समुद्रातील बर्फाने चिरडून २१ नोव्हेंबर १९१५ रोजी बुडाले. मोहिमेतील छायाचित्रकार फ्रँक हर्ली यांनी अर्धवट बुडालेल्या जहाजातील बर्फाळ पाण्यात उतरून आपल्या काचपट्ट्या बाहेर काढल्या होत्या. पण भार वाहणे अशक्य असल्याने निवडक सु. १२० ठेवून उरलेल्या त्यांना फोडाव्या लागल्या. ५ मार्च २०२२ रोजी ३,००८ मी. खोलीवर तेच जहाज स्वयंचलित यंत्राच्या कॅमेऱ्यात आले. पिछाडीवरील नावाची अक्षरे वाचता येत होती आणि लाकडावर समुद्रपुष्पे व स्पंज वाढले होते. अंटार्क्टिक कराराखाली ते संरक्षित असल्याने कोणतीही वस्तू उचलली गेली नाही. फक्त चित्रे व लेसर-मापने घेण्यात आली.

महत्त्व : २००१ च्या युनेस्को संकेतानुसार जलमग्न सांस्कृतिक वारशाचे जागच्या जागी जतन हा पहिला पर्याय मानला जातो. परंतु जागच्या जागी ठेवलेली वस्तू कायम टिकतेच असे नाही. ‘टायटॅनिक’चे लोखंड सूक्ष्मजंतू खात आहेत, २०२२ मध्ये उभा असलेला नाळेकडील कठड्याचा सु. ४·५ मी. भाग २०२४ मध्ये गळून पडलेला आढळला. ही झीज लक्षात आली ती दोन वर्षांची चित्रे शेजारी ठेवल्यामुळे. सु. १,५०० माणसांबरोबर बुडालेल्या अशा जहाजांना समाधिस्थळ मानले जाते. तेथील शांतता न भंगता पुढील पिढ्यांसाठी त्यांचे रूप राखण्याचे काम छायाचित्रच करू शकते.