एल-डोपाचा मार्ग
डावा व उजवा हात परस्परांची प्रतिबिंबे असूनही जसे एकावर एक तंतोतंत बसत नाहीत, तशी अनेक सेंद्रिय रेणूंची दोन रूपे असतात; आणि प्रयोगशाळेत ती समसमान निपजत असल्याने निम्मा माल औषधाच्या कामी येत नसे. 1968 साली अमेरिकेतील सेंट लुई येथे मोन्सँटो कंपनीच्या विल्यम नोल्स यांनी ऱ्होडियम धातूला असममित फॉस्फीनची जोड देऊन रेणूच्या एकाच बाजूने हायड्रोजन जोडण्याचा यत्न केला, तेव्हा एका रूपाचे आधिक्य अवघे 15 टक्के आले. परंतु एवढ्याशा फलातही त्यांना मार्ग दिसला, हेच मी त्यांच्या प्रज्ञेचे खरे लक्षण मानतो. पुढे डायपॅम्प या फॉस्फीनने ते सुमारे 95 टक्क्यांवर नेले, आणि कंपवाताच्या रुग्णांना लागणारा एल-डोपा याच रीतीने कारखान्यात तयार होऊ लागला. रसायनशास्त्रज्ञ नोयोरी व शार्पलेस यांच्यासह नोल्स यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते 2001 साली.