फरशीचे दर्शन आणि फरशीची कड : किल्लारी परिसरातील दगडाच्या व्यापाराविषयी काही विचार

लातूरहून औशामार्गे किल्लारीकडे जाताना रस्त्याच्या कडेला बांधकाम साहित्याच्या दुकानांपुढे फरश्या उभ्या करून ठेवलेल्या दिसतात. लाकडी टेकूला किंवा भिंतीला टेकवून, एकीमागे एक, किंचित कलत्या. सर्वांत पुढची फरशी धुऊन ओली ठेवलेली असते, कारण ओल्या दगडाचा रंग खुलतो. तिच्या शेजारी काळा कडप्पा, हिरवट कोटा, तांदूरची पिवळी आणि निळसर फरशी, घोटलेल्या ग्रॅनाइटचे तुकडे आणि अंगणात प्रत्यक्ष अंथरून दाखविलेले सिमेंटचे रंगीत ठोकळे असतात. वाटसरूच्या दृष्टीने ही केवळ विक्रीची सोय होय. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र या मांडणीकडे एक साधन म्हणून पाहावे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. कोणता दगड कोठून आला, तो कोणत्या मार्गाने आला, आणि घेणाऱ्याने त्याचे काय पाहावे अशी विकणाऱ्याची अपेक्षा होती, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या मांडणीत सापडतात. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. आणि किल्लारीच्या भूमीत तो निव्वळ पांडित्याचा राहत नाही.

प्रथम दगडाचे मूळ पाहू. किल्लारी परिसर हा दख्खनच्या काळ्या पाषाणाचा मुलूख आहे. १९९३ च्या भूकंपानंतर संशोधनासाठी किल्लारी येथे ६१७ मीटर खोल विंधन घेण्यात आले, तेव्हा या पाषाणाचे थर ३३८ मीटरपर्यंत असल्याचे आढळून आले. हा दगड कठीण व टिकाऊ खरा, परंतु त्याचे पातळ, सपाट पापुद्रे निघत नाहीत. फोडल्यास तो वेडावाकडा फुटतो. घडवावयाचा तर पाथरवटाचे श्रम फार लागतात. औशाच्या किल्ल्याच्या चिऱ्यांमागे राजसत्तेचे बळ होते. सामान्य कुणब्याच्या घराला तो दगड मिळाला तो गोट्यांच्या रूपाने. म्हणून या भागात दगड भिंतीत गेला आणि जमीन मातीचीच राहिली. मुरूम चोपून त्यावर शेणाचे सारवण, हीच बहुसंख्य घरांची भुई होती.

फरशीचा दगड या मुलखाच्या आग्नेयेस, काळ्या पाषाणाची सीमा संपते तेथे सुरू होतो. भीमेच्या खोऱ्यातील शहाबाद, वाडी, चित्तापूर, सेडम या टापूत चुनखडकाचे जवळजवळ आडवे, समांतर थर आहेत. थरांच्या सांध्यात पहार व छिन्नी घातली की सपाट पत्रा मोकळा होतो. निसर्गानेच फरशी करून ठेवली आहे, असे म्हणावयास हरकत नाही. किल्लारी आणि शहाबाद ही दोन्ही गावे १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होती. पहिले उस्मानाबाद जिल्ह्यात, दुसरे गुलबर्गा जिल्ह्यात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, उस्मानाबाद मुंबई राज्यात आले आणि गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले. राज्याची सीमा मध्ये आली तरी फरशीचे नाव बदलले नाही. मराठी घरात ती आजही ‘शहाबादी’च आहे, मग ती प्रत्यक्षात कोणत्याही शेजारच्या खाणीतील असो.

व्यापाराच्या भाषेतील ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. शहाबादी, कडप्पा, कोटा, तांदूर ही सर्व नावे गावांची किंवा जिल्ह्यांची आहेत. दुकानापुढील रांग हा एका अर्थी नकाशाच होय, आणि तो नकाशा रेल्वेने काढलेला आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबई-रायचूर मार्ग १८७१ मध्ये पूर्ण झाला, आणि १८७४ मध्ये वाडीहून सिकंदराबादेकडे निजामाच्या राज्यातील रेल्वे सुरू झाली. यामुळे शहाबादचा दगड दूरच्या बाजारपेठांना जोडला गेला. लातूरला मात्र पश्चिमेकडून आलेली रेल्वे अरुंद मापाची होती. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडीजवळून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचली. तिच्या रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. मोठ्या मापाच्या डब्यातून आलेला माल कुर्डुवाडीस उतरवून पुन्हा चढवावा लागे. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि सव्वा इंच जाडीची एक फरशी सुमारे तीस किलो भरते. अशा मालाची प्रत्येक चढउतार म्हणजे श्रम आणि फूट. फरशी वाड्यात, देवळाच्या सभामंडपात आणि पेठेतील दुकानात आधी, व गावातील सामान्य घरात फार उशिरा आली, याचे एक कारण या वाहतुकीत शोधावे लागेल. मालमोटारींची वाहतूक वाढली तेव्हाच दगड थेट खाणीतून रस्त्याच्या कडेला उतरू लागला, आणि आज आपण पाहतो ती मांडणी शक्य झाली.

आता मांडणीच्या रीतीचा विचार करू. फरशी उभी का ठेवतात? दगड दाब सोसतो, परंतु वाकविणारा ताण त्याला सोसत नाही. उंचसखल जागेवर आडव्या रचलेल्या फरश्यांत खालची फरशी मधोमध तडकते. कडेवर उभी ठेवलेली फरशी आपला भार सरळ जमिनीस देते. रीत निघाली ती दगड वाचविण्यासाठी. परंतु तिचा परिणाम असा झाला की फरशीचे तोंड गिऱ्हाइकाकडे आले आणि तिची कड दडली. जुना गवंडी मात्र तोंडावर समाधान मानीत नसे. तो हातोडीच्या दांड्याने फरशीवर टिचकी मारी. खणखणीत आवाज आला तर दगड एकसंध, बद्द आवाज आला तर आत चीर. मग तो रांगेच्या बाजूस जाऊन कडा पाही : जाडी सारखी आहे की नाही, थर सुटलेला आहे काय, मधे मातीची शीर आहे काय. फरशीचा हिशेब ब्रासवर, म्हणजे शंभर चौरस फुटांवर होतो. जाडी त्या हिशेबात येत नाही. म्हणून जे मोजले जात नाही ते पाहण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर पडते.

नमुना आणि माल यांतील हे अंतर केवळ खेड्यातील दुकानापुरते नाही. लंडनमधील पार्लमेंटच्या नव्या इमारतीसाठी दगड निवडण्याकरिता तज्ज्ञांचे एक मंडळ नेमण्यात आले होते. वास्तुविशारद चार्ल्स बॅरी व भूवैज्ञानिक विल्यम स्मिथ हे त्याचे सदस्य होते. मंडळाने देशभरच्या खाणी पाहिल्या, नमुने जमविले आणि १८३९ मध्ये अहवाल दिला. अखेरीस अ‍ॅन्स्टन येथील दगड वापरला गेला आणि काही दशकांतच तो झिजू लागला. खाणीतून निघणाऱ्या प्रत्येक दगडाची निवड करण्यास तेथे कोणी जबाबदार देखरेख्या नव्हता, हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. नमुना उत्तम होता. परंतु नमुन्याने इमारत उभी राहत नाही.

याच न्यायाने अलीकडील सिमेंटच्या ठोकळ्यांकडे पाहावे. भारतीय मानक १५६५८ च्या २००६ च्या आवृत्तीत वाहनांची वाहतूक नसलेल्या जागेसाठी ठोकळ्याची किमान जाडी ५० मिलिमीटर, तर अतिजड वाहतुकीसाठी ती १२० मिलिमीटर सांगितली होती. त्यानुसार काँक्रीटची प्रतही एम-३० पासून एम-५५ पर्यंत चढत जात असे. दुकानाच्या अंगणातील नमुना मात्र आकार आणि रंग एवढेच दाखवितो. ठोकळे जमिनीत बसविल्यावर जाडी दिसत नाही, प्रत तर डोळ्यांना कधीच दिसत नाही, आणि खालच्या वाळूच्या व खडीच्या थराचे दर्शन कोणीही मांडीत नाही. फरसबंदी खचते ती मात्र बहुधा तेथूनच.

येथवर जे विवेचन केले त्याचे गांभीर्य किल्लारीत प्रकट होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद या जिल्ह्यांतील सुमारे आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाची तीव्रता सहाहून थोडी अधिक होती. जगाच्या मानाने ती फार मोठी नव्हे. प्राणहानी मोठी झाली ती प्रामुख्याने घरांच्या रचनेमुळे. दोन-तीन फूट किंवा त्याहूनही रुंद भिंती, चिखलात रचलेले गोटे, आणि वर लाकडी खणांवर पांढऱ्या मातीचे जड माळवद, अशी ही घरे होती. भिंत बाहेरून भक्कम, क्वचित घडीव दगडाचीही दिसे. परंतु ती वस्तुतः एक भिंत नव्हती. दर्शनी आणि आतली अशी दोन स्वतंत्र तोंडे होती आणि त्यांच्यामध्ये चिपा व माती यांची भर होती. दोन्ही तोंडांना सांधणारे, भिंतीच्या आरपार जाणारे दगड क्वचितच घातलेले असत. धक्का बसताच तोंडे एकमेकांपासून सुटली, आणि माळवद निजलेल्या माणसांवर आले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दोष दगडाला देता येत नाही, आणि बांधणाऱ्यांनाही सरसकट देता येत नाही. आरपार जाईल एवढा लांब, घडविलेला दगड महाग पडतो. गोटे व माती शिवारात मिळतात. जड माळवद उन्हाळ्यात घर थंड ठेवी. पिढ्यान्‌पिढ्या मोठा धक्का अनुभवास आला नाही, तेव्हा भिंतीच्या पोटात काय आहे हे विचारण्याचा प्रसंगच आला नाही. दर्शनी तोंडावर विश्वास ठेवण्याची सवय ही अज्ञानातून नव्हे, तर दीर्घ स्वस्थतेतून जडलेली होती.

भूकंपानंतर १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्र शासनाने पुनर्वसनाचा कार्यक्रम हाती घेतला. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. कुटुंबाच्या जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. याखेरीज तेरा जिल्ह्यांतील जवळजवळ दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण योजण्यात आले. या दुसऱ्या कामाचा आपल्या विषयाशी निकटचा संबंध आहे. जुन्या भिंतीला आरपार भोक पाडावयाचे, त्यात वाकविलेली सळई ठेवून काँक्रीट भरावयाचे, म्हणजे सुटी तोंडे सांधली जातात. वर भिंतीभोवती जाळीचा व सिमेंटचा पट्टा फिरवावयाचा. हे शब्दांनी पटण्यासारखे नव्हते. दगडाची भीती एवढी बसली होती की दगडी घर दुरुस्त करून त्यात पुन्हा निजावयाचे, ही कल्पनाच लोकांना सोसवत नव्हती. म्हणून नमुना घरे तयार करून ती दाखविण्यात आली.

हेही एक दर्शनच होते. परंतु त्याची दिशा दुकानातील दर्शनाच्या उलट होती. दुकानापुढील फरशी आपले तोंड दाखविते आणि कड लपविते; नमुना घराने भिंतीचे पोट उघडून दाखविले. गिलाव्याखाली जाणारी सळई, आरपार भोक, कोपऱ्यातील जाळी, या सर्व पुढे झाकल्या जाणाऱ्या गोष्टी झाकण्यापूर्वी पाहावयास मिळाल्या. आरपार दगड उंचीत दर ६०० मिलिमीटरवर व आडवे फार तर १.२ मीटर अंतरावर असावेत, असे १९९३ च्याच भारतीय मानक १३८२८ मध्ये नमूद आहे. परंतु कागदावरील हा नियम आणि गवंड्याने भोकातून पलीकडचा उजेड स्वतः पाहणे, यांत फार अंतर आहे.

आज किल्लारी परिसरात नवे घर बांधणारा भिंतीसाठी वीट, ठोकळे आणि काँक्रीटचा सांगाडा निवडतो. भुईला मात्र फरशी घालतो. दगड भिंतीतून उतरला आणि पायाखाली स्थिरावला. डोक्यावर किंवा उशाशी ज्याचा विश्वास उरला नाही, तो तळव्याखाली निर्धास्तपणे स्वीकारला गेला. ही निवड समजण्याजोगी आहे. परंतु तिच्यात एक धोकाही आहे. काँक्रीटच्या खांबालाही दर्शनी तोंड असते, आणि त्याच्या आतील सळई, कड्यांमधील अंतर व पाण्याचे प्रमाण डोळ्यांना दिसत नाही. साहित्य बदलल्याने पाहण्याची सवय बदलतेच असे नाही.

इतिहासाच्या अभ्यासकांना यातून एक सूचना करावीशी वाटते. आपण शिलालेख वाचतो, दप्तरे चाळतो. परंतु बाजारात वस्तू कशा मांडल्या जातात याची नोंद आपल्याकडे फारशी होत नाही. अशी मांडणी क्षणभंगुर असते. दगड विकला जातो, दुकान हलते, नवे ठोकळे येतात. कोणता दगड पुढे, कोणता मागे, त्याचे नाव काय, तो कोणत्या मापाने विकला जातो आणि घेणारा त्याला कोठे हात लावतो, एवढे जरी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावात नोंदवून ठेवले, तरी पुढील अभ्यासकास मोठे साधन मिळेल. मात्र नोंद करताना समोर उभे राहून भागणार नाही. गवंड्याप्रमाणे रांगेच्या बाजूला जावे, वाकावे आणि कड पाहावी.