खानेसुमारीच्या रकान्यात न मावलेले मूल

आजचा धागा एका रकान्याविषयी आहे.

इ. स. १८८१. गिरणाकाठचे भडगाव. खानेसुमारीचा कारकून एका घराच्या ओट्यावर तक्ता पसरून बसला आहे. घरात सात वर्षांचे एक मूल आहे. ते बोलत नाही, हाकेला वळून पाहत नाही. मात्र लांबवर मोट करकरली की दोन्ही हातांनी कान झाकून घेते. दिवसभर खडे एका रांगेत मांडत बसते. तक्त्यात व्यंगाचे चारच प्रकार दिले आहेत : वेडे, मुकेबहिरे, आंधळे, महारोगी. कान झाकणाऱ्या मुलाला बहिरे कसे म्हणावे? आणि वेडे म्हणावे, तर आईसमोर तसे लिहावे कसे?

प्रसंग माझ्या कल्पनेतला आहे. तक्ता मात्र खरा. १८८१ पासून १९३१ पर्यंत दर दहा वर्षांनी हेच चार प्रकार मोजले गेले. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पुढे त्यांचे जळगाव व धुळे झाले. रकाने होते तसेच राहिले. १९१२ च्या ‘लुनसी’ कायद्याने तर जन्मजात मंदबुद्धी आणि नंतर जडलेले वेड यांना एकाच व्याख्येत कोंबले.

ज्याला आज आपण स्वमग्नता म्हणतो, तिचे नावच तेव्हा जन्मले नव्हते. ‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घडवला, तोही स्किझोफ्रेनियाच्या प्रौढ रुग्णांचे एक लक्षण म्हणून. १९२५ मध्ये मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा यांनी अशा मुलांचे बारकाईने वर्णन केले, पण त्यांचे काम दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची हकिकत प्रसिद्ध केली आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी आपली निरीक्षणे मांडली. (आपला ‘स्वमग्न’ हा शब्द मला अपुरा वाटतो. मूल स्वतःत रमले आहे असे त्यातून वाटते. प्रत्यक्षात बाहेरचे आवाज, प्रकाश आणि स्पर्श त्याच्यावर अनेकदा कोसळत असतात.)

मुंबईत १९३७ मध्ये टाटांच्या समाजकार्य संस्थेने बालमार्गदर्शन केंद्र उघडले. १९४४ मध्ये जय वकील शाळा सुरू झाली, तीही एका मुलीच्या आईवडिलांनी घातलेल्या पायावर. भडगावहून मुंबई फार दूर होती.

या इतिहासातला सर्वांत कटू अध्याय आईचा आहे. कॅनर यांनी पालकांच्या भावनिक थंडपणाकडे बोट दाखवले. १९६७ मध्ये ब्रुनो बेटेलहाइम यांनी तोच आरोप पुस्तकरूपाने जगभर पोहोचवला. आईने माया केली नाही, म्हणून मूल असे झाले! त्याच्या तीन वर्षे आधीच बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने हे मत खोडून काढणारा ग्रंथ लिहिला होता. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. १९७७ मध्ये ब्रिटनमध्ये एकवीस जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास झाला आणि आनुवंशिकतेचा वाटा दिसून आला. आपल्याकडे मात्र बेटेलहाइम यावे लागले नाहीत. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, कुणाची दृष्ट लागली, असे ठपके घरच्या घरी तयार असत आणि ते बहुधा सुनेच्याच माथी बसत. आजही बसतात.

मग त्याआधी आपल्या समाजात वेगळ्या माणसाला जागाच नव्हती का? इथे महानुभाव वाङ्मय आठवते. पंथाचे कनाशी हे स्थान भडगाव तालुक्यातच आहे. ज्या सांकेतिक लिपीत हे ग्रंथ शतकानुशतके बंद होते, ती उलगडणाऱ्यांत अग्रणी होते राजवाडे. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात आहे. तेराव्या शतकातील गोविंदप्रभूंच्या चरित्रात रिद्धपूरच्या रस्त्यांवर आपल्याच तंद्रीत हिंडणारे, मुलांसारखे हट्ट करणारे, जातपात न मानता कुणाच्याही घरी जाणारे राऊळ दिसतात. लोक त्यांना वेडे म्हणत आणि जेवूही घालत.

सावधान : सातशे वर्षांपूर्वीच्या व्यक्तीचे निदान आज करणे हा इतिहासलेखनाचा प्रमाद आहे. श्रद्धाळूंसाठी ते ईश्वरावतार आहेत, आणि मजकुरातून वैद्यकीय निष्कर्ष काढता येत नाही. मला लक्षवेधी वाटते ते गावाचे वागणे. अर्थात राऊळांना मिळालेली जागा एखाद्या सामान्य घरातल्या अबोल मुलीलाही मिळाली असेल, याचा पुरावा त्या ग्रंथात नाही.

कायद्याकडे वळू. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते. स्वमग्नता त्यांत नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिचे नाव प्रथम घेतले, तेही दिल्लीत १९९१ पासून संघटित होत गेलेल्या पालकांच्या रेट्यानंतर. २००९ मध्ये सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने चाळीस मुद्द्यांची भारतीय मापनपट्टी दिली. २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकारांत स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान दिले. त्यामुळे आज भडगावच्या पालकांना प्रमाणपत्र मागता येते आणि शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

कागदाबाहेरची मदत साधी असते, पण ती रोज करावी लागते. कानबाईच्या मिरवणुकीत बँड वाजणार असेल, तर आदल्या दिवशी चित्रे काढून मुलाला क्रम दाखवावा : आधी पूजा, मग गर्दी, मग घर. आवाज असह्य झाला तर जाता येईल अशी एक शांत खोली ठेवावी. बोलता येत नसेल तर चित्रांवर बोट ठेवून मागू द्यावे. त्याने बोलणे खुंटते ही समजूत चुकीची आहे. खडे रांगेत मांडणाऱ्याची रांग मोडू नये, शेजारी बसून एक खडा आपणही ठेवावा. आणि निदानाची वाट पाहत वर्षे घालवू नयेत, शंका येताच वाचा-उपचार सुरू करावा.

२०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे आठ पर्याय होते. मतिमंदत्व होते, मानसिक आजार होता, ‘इतर’ही होते. स्वमग्नता नव्हती. ओट्यावर बसलेल्या प्रगणकाला भडगावच्या आईने त्या वर्षीही काय सांगितले असेल?