दुसऱ्या प्रतीचा इतिहास : कोयनानगरचे भूकंपालेख आणि मुक्त स्रोत नेटवर्क बॅकअप

प्रस्तावना

दिनांक ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. कोयनानगरातील बहुसंख्य घरे पडली वा राहण्यास अयोग्य झाली आणि मुंबई-पुण्याचा वीजपुरवठा खंडित झाला. या भूकंपाचा शिवसागर जलाशयातील पाण्याशी असलेला संबंध हा विषय अभ्यासकांनी विस्ताराने हाताळला आहे. त्या भूकंपाची नोंद आपल्यापर्यंत पोहोचली कशी, या प्रश्नाकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. प्रस्तुत लेखात त्या नोंदींच्या प्रतींचा मागोवा घेऊन, आज महाविद्यालयांना विनामूल्य उपलब्ध असलेल्या नेटवर्क बॅकअप प्रणालींची रचना त्या अनुभवाच्या आधारे तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

कागदावरील नोंद

जलाशयात पाणी साठू लागल्यानंतर परिसरात लहान धक्के जाणवू लागले. त्यामुळे खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने कोयनानगर, गोवळकोट, सातारा व महाबळेश्वर येथे भूकंपमापन केंद्रे उभारली. याशिवाय धरणाच्या पायथ्यालगतच्या भुयारी मार्गात त्वरणलेखक बसविलेला होता. संवेदनशील भूकंपमापकाची रेघ जवळच्या मोठ्या धक्क्यात कागदाबाहेर जाते. त्वरणलेखक हा अशाच धक्क्यासाठी असतो. एरवी तो निद्रिस्त असतो, जमीन हलू लागताच जागा होतो आणि प्रकाशसंवेदी कागदावर तीन दिशांची हालचाल उमटवितो. त्या पहाटे त्याने धरणाच्या अक्षाच्या दिशेने ०.६३, प्रवाहाच्या दिशेने ०.४९ आणि उभ्या दिशेने ०.३४ इतके कमाल त्वरण (गुरुत्वत्वरणाच्या पटीत) नोंदविले. धरणाच्या संकल्पनात गृहीत धरलेला भूकंप-गुणांक होता ०.०५.

ही नोंद पुढे अंकरूप झाली. १९७३ साली अनिल चोप्रा व पी. चक्रवर्ती यांनी तिच्या आधारे धरणाला पडलेल्या तड्यांचे संगणकीय विश्लेषण प्रसिद्ध केले. आज काँक्रीट धरणांच्या विश्लेषणासाठी नवी आज्ञावली लिहिणारा अभियंता ती तपासण्यासाठी बहुधा कोयनेचेच उदाहरण सोडवितो. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तीन रेघांपैकी कोणती कोणत्या दिशेची हे सोबत लिहिलेले नसते, तर तो कागद टिकूनही निरुपयोगी ठरला असता. शिवाय भुयारातील तो कागद एकुलता एक होता. तो वाचला यात यंत्राच्या जागेचा वाटा मोठा आहे, नियोजनाचा कमी.

नियोजनपूर्वक केलेली दुसरी प्रत वेगळीकडे सापडते. अणुचाचण्यांचा माग काढण्याच्या हेतूने अमेरिकेने १९६० च्या दशकात सुमारे १२० केंद्रांचे जागतिक प्रमाणित भूकंपमापन जाळे उभारले. पुणे, नवी दिल्ली, शिलाँग व कोडाईकनाल ही त्यातील भारतीय केंद्रे. केंद्रांवरील मूळ भूकंपालेख अमेरिकेस पाठविले जात, तेथे त्यांची सूक्ष्मछायाचित्रे घेतली जात, मूळ कागद केंद्रास परत येत आणि छायाचित्रांच्या प्रती अल्प मूल्यात कोणत्याही अभ्यासकास मिळत. हेतू लष्करी, परिणाम मुक्त! याच जाळ्याच्या नोंदी वापरून चार्ल्स लँग्स्टन यांनी १९७६ साली कोयना भूकंपाच्या उगमाचे विश्लेषण केले. त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकात भूकंपाची तारीख १० डिसेंबर अशी आहे. ही चूक नव्हे. आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेनुसार तेव्हा आदल्या रात्रीचे २२ वाजून ५१ मिनिटे झाली होती. तथापि सूची करणाऱ्याने कोणती वेळ धरली हे न लिहिल्यास एकाच भूकंपाचे दोन भूकंप होण्यास वेळ लागत नाही.

नेटवर्कवरील बॅकअप

संगणकाच्या क्षेत्रात हीच गरज १९९० च्या सुमारास तीव्रतेने जाणवली. विद्यापीठांतून अनेक कार्यस्थानके आणि त्यामानाने थोडी चुंबकीय फीत-यंत्रे अशी स्थिती होती. मेरिलँड विद्यापीठात जेम्स द सिल्व्हा यांनी तयार केलेल्या ‘अमांडा’ या प्रणालीने अनेक यंत्रांतील माहिती नेटवर्कवरून प्रथम एका मध्यवर्ती चकतीवर जमवून मग फितीवर उतरविण्याची पद्धत रूढ केली. तिचा एक गुण आजही अनुकरणीय वाटतो. फितीवरील प्रत्येक नोंदीच्या आरंभी, ती अमांडाशिवाय कशी उलगडावी याची आज्ञा साध्या मजकुरात लिहिलेली असते. भुयारातल्या कागदावर दिशा लिहून ठेवावी तसाच हा प्रकार.

कर्न सिबाल्ड यांनी २००० साली आरंभिलेली व २००२ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘बॅक्युला’ अधिक विस्तृत आहे. वेळापत्रक सांभाळणारा संचालक, प्रत्येक यंत्रावरील फाइल-सेवक, साठवण-सेवक, आज्ञा देण्याचा कन्सोल आणि कोणती फाइल कोणत्या खंडात आहे हे सांगणारी सूची असे तिचे पाच घटक आहेत. २०१० पासून तिच्यातून ‘बॅरिओस’ ही स्वतंत्र शाखा निघाली. तिची मांडणीही मूलतः हीच.

प्रणाली उभारताना नवख्याचा वेळ प्रायः दोन ठिकाणी जातो. संचालकाचे नाव व परवलीचा शब्द दोन्ही बाजूंच्या कॉन्फिगरेशन फाइलींत तंतोतंत जुळावा लागतो. दुसरे, माहिती संचालकामार्फत जात नाही. फाइल-सेवक थेट साठवण-सेवकाशी जोडला जातो. म्हणून साठवणीचा पत्ता ‘लोकलहोस्ट’ असा लिहिल्यास संचालकाच्या स्वतःच्या यंत्राचा बॅकअप बिनतक्रार होतो आणि इतर सर्वांचा अडतो. पहिल्या यशाने हुरळून जाऊ नये, याचा हा नमुना.

सोबत मिळणाऱ्या नमुना वेळापत्रकात महिन्याच्या पहिल्या रविवारी पूर्ण प्रत, उर्वरित रविवारी तिच्यानंतर झालेले सर्व बदल आणि सोमवार ते शनिवार केवळ मागील बॅकअपनंतरचे बदल असा क्रम असतो. भूकंपमापनाच्या माहितीला तो सोयीचा आहे. आदल्या दिवसाची तरंगनोंद एकदा लिहून झाली की बदलत नाही, त्यामुळे रोजची भर तेवढीच वाहून न्यावी लागते. चालू दिवसाची फाइल मात्र अर्धवट उचलली जाते. ती वगळावी, किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतली जाईल हे गृहीत धरावे.

खरा धोका मुदतींच्या कलमात आहे. मूळ मूल्ये तशीच ठेवल्यास सूचीतील फाइलींची नावे ६० दिवसांनी, कामांच्या नोंदी १८० दिवसांनी छाटल्या जातात आणि वर्ष उलटलेला खंड गरज पडताच पुन्हा लिहिण्यासाठी घेतला जातो. कार्यालयीन पत्रव्यवहारास हे चालेल. परंतु लँग्स्टन यांना हवी असलेली नोंद घटनेनंतर नऊ वर्षांनी लागली. कायम जपावयाच्या माहितीसाठी वेगळा खंडसंच करून त्याचा पुनर्वापर बंद करणे, हे प्रस्तुत लेखकाच्या मते पहिल्याच दिवशीचे काम आहे. सूचीचाही बॅकअप रोज, इतर कामे आटोपल्यावर घ्यावा. सूची गमावल्यास खंड वाचून ती पुन्हा उभारण्याचे साधन प्रणालीत आहे, पण ते काम वेळखाऊ आणि मनस्ताप देणारे असते.

प्रतीची जागा

दुसरी प्रत कोठे ठेवावी याविषयी किती किलोमीटर दूर असे विचारले जाते. हा प्रश्न अपुरा आहे. कोयनानगर आणि सांगली यांत अंतर पुष्कळ. पण कोयना कऱ्हाडला कृष्णेस मिळते आणि तेच पाणी सांगलीच्या घाटावर येते. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत सांगलीचे सखल भाग पाण्याखाली गेले. भूकंपापासून जपण्यासाठी खाली आणलेली प्रत तळमजल्यावर असेल, तर ती एका आपत्तीतून सुटून दुसरीत सापडते. एकच आपत्ती दोन्ही प्रतींना गाठू शकते काय, हे नकाशावर नदीचे खोरे आणि वीजवाहिनी पाहून ठरवावे लागते. महाविद्यालयाने आपल्या सर्व्हरच्याच कपाटात ठेवलेली बाह्य हार्डडिस्क या कसोटीवर क्षणभरही टिकत नाही, आणि नियमित बॅकअप होत असल्याचा अहवाल बहुतेकदा तिच्याच बळावर दिला जातो.

सबब, साठवण-सेवक दुसऱ्या खोऱ्यातील सहयोगी महाविद्यालयात, वरच्या मजल्यावर असावा. दोन संस्थांनी एकमेकींची प्रत सांभाळावी. त्याकरिता खर्च पडतो तो जोडणीचा व चकत्यांचा, आज्ञावलीचा नाही. पाठविण्यापूर्वी माहिती कूटबद्ध करणे इष्ट, मात्र त्या कूटाची किल्ली बॅकअपमध्येच ठेवून चालत नाही. ती कागदावर छापून दोन वेगळ्या तिजोऱ्यांत ठेवावी. आणि वर्षातून एकदा, ११ डिसेंबर हा दिवस त्यास योग्य आहे, मूळ यंत्राला हात न लावता, ज्या सहकाऱ्याने प्रणाली उभारलेली नाही त्याच्याकडून, रिकाम्या संगणकावर एक जुनी फाइल परत मिळवून घ्यावी. ती उघडली काय, तीत वेळ कोणती धरली आहे आणि स्तंभांचा अर्थ सोबत लिहिला आहे काय, एवढे त्याने नोंदवहीत लिहावे.