ओरिजिनल की लोकल?

स्पेअर पार्टच्या दुकानात गेलं की काउंटरमागचे मालक मान वर न करता एकच प्रश्न विचारतात, "साहेब, ओरिजिनल देऊ की लोकल?" आपण फरक काय म्हणून विचारावं, तर उत्तर ठरलेलं : "तसा काही नाही. माल तोच. डब्यावर छाप नाही, एवढंच." मग आपण मध्यमवर्गीय माणसं, छापाचे पैसे वाचवून लोकल घेऊन घरी येतो. माझ्या स्कूटरची अशीच एक लोकल क्लच केबल ऐन संध्याकाळी स्वारगेटला तुटली. मी स्कूटर कडेला घेतली, समोर रसवंतीगृह होतं, तिथे एक फुल ग्लास घेतला आणि मग ढकलत घरी आलो.

हा प्रसंग तीन हजार फुटांवर घडला तर काय, हा विचार मनात यायला जुन्या विमानांची पुस्तकं वाचण्याचं व्यसन लागतं. मला ते आहे. तीन हजार फुटांवर कडा नसते. रसवंतीगृह तर नसतंच.

आता कोणी म्हणेल, विमान कुठे आणि मोटारीचा सुटा भाग कुठे! पण विमानाचा जन्मच मुळी सायकलच्या दुकानातला. ओहायोतल्या डेटन गावी राइट बंधूंचं सायकलचं दुकान होतं. इंजिनासाठी त्यांनी आधी मोटारी बनवणाऱ्यांना पत्रं घातली. हलकं आणि तरी जोरकस इंजिन द्यायला कोणी तयार होईना. शेवटी त्यांच्याच दुकानातल्या चार्ली टेलर नावाच्या मिस्त्रीने सहा आठवड्यांत इंजिन घडवलं. ताकद १२ हॉर्सपॉवर. ती पंख्यांपर्यंत पोचवायला चेन आणि दातेरी चक्रं, अगदी सायकलच्या धर्तीवर. आणि उड्डाणाच्या रुळावरून विमान ज्या गाड्यावर सरकलं, त्याला सायकलचे हब. १९०३ साली हे सगळं हवेत गेलं. तेव्हा 'ओरिजिनल' असं काही नव्हतंच. जगातला सगळा माल लोकल!

पुढे विमानांचे कारखाने निघाले, किमती वाढल्या आणि हौशी माणूस पुन्हा मोटारीकडे वळला. यातला माझा लाडका माणूस म्हणजे बर्नार्ड पीटनपोल. मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह नावाच्या खेडेगावातला, स्वतःच स्वतःचा गुरू झालेला मिस्त्री. त्याने लाकूड आणि कापड यांचं दोन माणसांचं विमान बांधलं आणि त्याला फोर्डच्या 'मॉडेल ए' मोटारीचं चाळीसेक हॉर्सपॉवरचं इंजिन जोडलं. इंजिन पाण्याने थंड होणारं, म्हणून रेडिएटरही आलाच. तो बसवला वैमानिकाच्या तोंडासमोर, इंजिनाच्या वर उभा. नाटकाला गेल्यावर पुढच्या रांगेत फेटेवाला पाहुणा येऊन बसावा तसा!

त्याच सुमारास एका लोकप्रिय यांत्रिक मासिकाच्या संपादकांनी मोटारीच्या इंजिनावर विमान उडणं शक्य नाही, असं ठासून लिहिलं होतं. आपल्याकडचा वाचक असता तर त्याने पोस्टकार्ड टाकलं असतं. पीटनपोलने १९३० साली असली दोन विमानं उडवत थेट मिनियापोलिस गाठलं आणि ती संपादकांना दाखवली. संपादकही दिलदार. त्यांनी शब्द गिळले आणि त्या विमानाचे नकाशेच छापले. १९३२ च्या पुस्तिकेतले ते नकाशे पाहून लोक आजही हे विमान बांधतात.

इंग्लंडात फोर्ड टेनचं इंजिन सुधारून विमानांना बसवलं गेलं. युद्धानंतर फोक्सवॅगनच्या बीटलचा नंबर लागला. तिचं इंजिन हवेने थंड होणारं, सिलिंडर आडवे समोरासमोर. म्हणजे विमानाच्या इंजिनाचं सख्खं नसलं तरी चुलत भावंड. राणी एलिझाबेथचे यजमान प्रिन्स फिलिप यांनी एका आसनाचं टर्ब्युलंट विमान उडवलं. त्याचं इंजिन मुळात या बीटलचंच. घरात सोन्याच्या घोडागाड्या असलेला माणूस!

इथवर मौज आहे. खरी मेख पुढे आहे. मोटारीचं इंजिन सपाट रस्त्यावर आपल्या ताकदीचा थोडाच भाग वापरतं. बाकीचा वेळ ते सिग्नलला उभं राहून विचार करतं. विमानाचं इंजिन तासन् तास पाऊण ताकदीवर चालतं. खंडाळ्याचा घाट सलग दोन तास ॲक्सिलरेटर दाबून चढायचा, आणि माथा येतच नाही, अशी कल्पना करा. शिवाय पुढचा पंखा क्रँकशाफ्टला ओढतो, वळताना मुरडतो. कॉरव्हेअर मोटारीची इंजिनं हौशी लोकांनी विमानांना लावली (पीटनपोलनेही लावलं होतं), तेव्हा पुढे काहींचे क्रँकशाफ्ट तुटले आणि मग त्यांना जास्तीचं बेअरिंग द्यावं लागलं.

तेलाचंच पाहा. मोटारीचं उत्तम, महाग तेल जुन्या विमानाच्या इंजिनात घातलं तर बिघडलं कुठे? बिघडतं. त्या तेलात धातूंची संयुगं मिसळलेली असतात. विमानाचं इंजिन थोडं तेल जाळतंच. जळल्यावर त्यांची राख आत साठते, तापून निखाऱ्यासारखी लाल होते आणि ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटवते. ब्रेकचं तेलही तसंच. छोट्या विमानाच्या ब्रेकला लाल रंगाचं खनिज तेल लागतं. मोटारीचं ब्रेक ऑइल वेगळ्या जातीचं. एकाच्या जागी दुसरं ओतलं की आतले रबर सील खराब होतात आणि धावपट्टी संपत आल्यावर ब्रेक म्हणतो, आज माझा उपास आहे.

तर मग मोटारीचा भाग वर्ज्यच समजायचा? इथेच गंमत आहे. कारखान्यांनी तो कधीच वर्ज्य मानला नाही. कितीतरी सेस्ना विमानांना कारखान्यातूनच फोर्डचा अल्टरनेटर यायचा, आणि पायपर चेरोकींना क्रायस्लरचा. तसाच दिसणारा अल्टरनेटर मोटारीच्या दुकानात मिळे. विमानाचा म्हणून मागितला की किंमत कित्येक पट. फरक डब्यावरच्या छापाचा! पण तो छाप म्हणजे हा भाग कुठे बनला, कोणी तपासला, कोणी सही केली, याची वंशावळ असते. दोन अल्टरनेटर शेजारी ठेवले तर कोणता तपासलेला आणि कोणता नुसताच रंगवलेला, हे डोळ्यांना कळत नाही. छापाचे पैसे आपण या अज्ञानापोटी मोजतो, आणि मला ते रास्त वाटतात.

रास्त वाटत नाही ते एवढंच, की ऐंशी वर्षांच्या विमानाचा कारखानाच बंद पडलेला असतो. छाप मारायला कोणी जागेवर नाही. मग मालकाने करावं काय? अमेरिकेत मालकाला स्वतःच्या विमानापुरता भाग स्वतः देखरेख करून बनवून घेता येतो. पेट्रोलचा प्रश्नही असाच सुटला. जुन्या इंजिनांचं कमी ऑक्टेनचं विमानी पेट्रोल मिळेनासं झालं आणि नव्यात शिसं इतकं जास्त, की प्लग कोंदायला लागले. हौशी वैमानिकांच्या संघटनेने रीतसर चाचण्या करून १९८२ साली सेस्ना १५० साठी मोटारीच्या पेट्रोलची परवानगी मिळवली. अट मात्र, त्यात इथेनॉल नको. ते पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला खातं. आपल्याकडे पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, तेव्हा हा उपाय इथे कोणी करायला जाऊ नये.

२०२२ साली तिथल्या सरकारी खात्याने आणखी एक पाऊल टाकलं. १९८० पूर्वी मंजूर झालेल्या छोट्या विमानांत, ज्याच्या बिघाडाने मोठा धोका नाही असा भाग बाजारातला तयार घ्यायचा असेल, तर त्यासाठी वेगळी, सोपी वाट काढली. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाची अद्याक्षरं जुळवली की होतं 'वर्मा'! मी वाचताना बराच वेळ कोणी वर्मासाहेब तिथे वरच्या हुद्द्यावर असावेत, अशाच समजुतीत होतो. फाईल बाजूला सारून "ठीक है, लगा दो" म्हणणारे. वाट सोपी असली तरी कागद आहेच, सही आहेच. आणि क्रँकशाफ्ट वर्मासाहेबांच्या टेबलावर येत नाही.

पीटनपोलवाल्यांना मात्र यातली फारशी झळ पोचत नाही. 'मॉडेल ए' मोटारी ४८ लाखांच्या वर बनल्या होत्या आणि त्या जपणारे शौकीन जगभर आहेत, त्यामुळे तिचे कितीतरी भाग आजही नवे बनतात. त्याच वयाच्या खास विमानासाठी बनवलेल्या खानदानी इंजिनांचे मालक एकेका पिस्टनसाठी भंगार धुंडाळतात, आणि चेरी ग्रोव्हच्या मिस्त्रीचं विमान बांधणारा माणूस कॅटलॉग उघडून गॅस्केट मागवतो.