चौकड्यांच्या कापडाची पारख

हिवरे बाजारचे गावकरी ज्या नगर शहरात बाजारहाटाला जातात, तेथील पेठेला एके काळी उंच तट होता. ८ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने शिंद्यांच्या ताब्यातील या तटाला शिड्या लावल्या. चढणाऱ्यांत स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील ७८ वी हायलँडर पलटण होती. तिचा लेफ्टनंट कॉलिन कॅम्पबेल तलवार घेऊन तटावर पोहोचला. चार दिवसांनी, १२ ऑगस्टला, भुईकोट किल्लाही इंग्रजांच्या हाती गेला.

ही पलटण १७९३ साली मॅकेंझी घराण्याच्या प्रमुखाने उभारली होती. गर्द निळ्या, हिरव्या व काळ्या चौकड्यांवर पांढरी आणि तांबडी रेघ असलेले ‘मॅकेंझी टार्टन’ ही तिची ओळख. अशा लोकरी कापडाचा, मागे चुण्या घातलेला, गुडघ्यापर्यंतचा पुरुषी पोशाख म्हणजे किल्ट.

हा पोशाख मुळात जेत्यांचा नव्हता. पदच्युत कॅथलिक स्टुअर्ट घराण्यासाठी झालेला उठाव एप्रिल १७४६ मध्ये कलोडनच्या रणांगणावर चिरडला गेला. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने डोंगरी पुरुषांना किल्ट व टार्टन वापरण्यास बंदी केली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षे काळे पाणी! सूट होती ती फक्त राजाच्या सैनिकांना. १७८२ साली बंदी उठली, तोवर हरलेल्यांचे वस्त्र जिंकणाऱ्यांच्या पलटणींतूनच उजळ माथ्याने वावरत होते. पुढे १७९४ मध्ये ग्लेनगॅरी येथील कॅथलिकांची स्वतंत्र पलटण उभी राहिली. तिचे धर्मगुरू फादर अलेक्झांडर मॅकडोनेल नंतर कॅनडात किंग्स्टनचे बिशप झाले. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा दरबारात तो स्वतःच किल्ट नेसला. कालचा गुन्हा आज दरबारी थाट ठरला आणि टार्टनचा बाजार फुलला.

बाजार फुलला की नक्कल येते, आणि मग गिऱ्हाइकाला पारख लागते. टार्टनचे रंग छापलेले नसतात. सूत आधी रंगवतात, आणि ज्या क्रमाने उभे धागे लावतात त्याच क्रमाने आडवे घालतात. म्हणून दोन रंग जेथे एकमेकांना छेदतात तेथे तिसरी, मिश्र छटा उमटते. वीण तिरकस असते व कापड दोन्ही बाजूंनी सारखेच दिसते. चांगल्या किल्टचे कापड पिळदार लोकरीच्या सुताचे आणि वजनदार, रुंद पन्ह्याच्या दर वारी साधारण १३ ते १६ औंस, असते. पूर्ण किल्टला अरुंद पन्ह्याचे सुमारे ८ वार कापड लागते. आपल्या नऊवारी लुगड्याहून वारभर कमी. खालची कड दुमडून शिवत नाहीत, मागावर विणलेला काठच तेथे येतो. चुण्या अशा घालतात की मागूनही चौकडीचा नमुना अखंड दिसावा. लष्करी पद्धतीत प्रत्येक चुणीवर तीच एक रेघ येते. रेघ वाकडी गेली, तर शिंप्याने घाई केली असे समजावे. शेवटी किल्ट उलटा करून आतले टाके पाहावेत. वरून सारेच नीटनेटके दिसते. कारागिराची सचोटी आतून कळते.

वस्त्राची ही पारख शुभवर्तमानातही आहे. प्रभूला क्रुसावर खिळणाऱ्या शिपायांनी त्याचे बाकीचे कपडे वाटून घेतले. पण अंगरखा वरपासून अखंड विणलेला, बिनशिवणीचा होता, म्हणून तो फाडला नाही, त्यावर चिठ्ठ्या टाकल्या, असे संत योहान सांगतो. त्या निर्दय हातांनाही विणकराचे कसब ओळखता आले. तो अंगरखा कोणाचा, हे मात्र त्यांना ओळखता आले नाही.

आपल्या समाजालाही चौकडा परका नाही. वसईच्या सामवेदी ख्रिस्ती स्त्रियांचे तांबड्या चौकड्यांचे लुगडे हे त्यांच्या समाजाची खूण होते. ज्या कसोट्या टार्टनच्या, त्याच पुष्कळ अंशी या लुगड्याच्याही. कडेचा एक धागा ओढून पाहावा. तो आपल्या सबंध लांबीत एकाच रंगाचा निघाला, तर चौकडा विणलेला. तुकड्यातुकड्याने रंग बदलला, तर छापलेला. कापड उलटवून पाहावे, आणि चौकडी कोठे ताणली वा आखडली आहे का तेही.

स्कॉटलंडमध्ये कायद्याने हिरावलेले वस्त्र लोकांनी परत मिळवले. २००८ साली तेथील संसदेने टार्टनच्या नमुन्यांसाठी अधिकृत नोंदवहीचा कायदाही केला. आपल्या लुगड्यावर कोणी बंदी घातली नाही. ते आपणच पेटीत घडी करून ठेवले, आणि सणासुदीला हवे झाले की छापील नकलेवर भागवू लागलो. गिऱ्हाईक धागा ओढून पाहीनासे झाले, की विणकराने तो आधी रंगवावा तरी कोणासाठी? घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांची बोटे ही पारख अजून जाणतात. मुलीसुनांनी ती त्यांच्याकडून मागून घ्यावी. हा वारसाही लुगड्याइतकाच मोलाचा आहे.