अश्वशक्ती नेमकी कुठे मोजायची?

मोटारीच्या माहितीपत्रकात इंजिनाच्या आकड्यापुढे ‘बीएचपी’ अशी तीन अक्षरे छापलेली असतात. त्यांतील ‘बी’ म्हणजे ब्रेक. मात्र गाडी थांबवणाऱ्या ब्रेकशी त्याचा संबंध नाही. १८२१ च्या सुमारास फ्रेंच अभियंता गास्पार द प्रोनी याने यंत्राची शक्ती मोजण्यासाठी एक साधे साधन तयार केले. फिरत्या दांड्याभोवती लाकडी ठोकळे आवळायचे, त्यांना एक लांब तरफ जोडायची आणि ती आडवी स्थिर राहील इतके वजन तिच्या टोकाला टांगायचे. वजन, तरफेची लांबी आणि दांड्याच्या फेऱ्या एवढ्यावरून शक्तीचे उत्तर मिळे. आजच्या माहितीपत्रकातील ‘ब्रेक’ तो हा.

अश्वशक्ती हे एकक त्याहूनही जुने आणि जन्मापासूनच विक्रीशी बांधलेले आहे. जेम्स वॉटला आपली वाफेची यंत्रे गिरणीमालकांना द्यायची होती आणि त्यांचे शुल्क वाचलेल्या घोड्यांच्या हिशेबाने आकारायचे होते. त्यासाठी घोडा म्हणजे किती काम हे ठरवणे भाग होते. आपल्याकडे घाण्याला बैल जुंपावा तसा तिकडे गिरणीला घोडा जुंपत. वॉटच्या हिशेबात असा घोडा १२ फूट त्रिज्येच्या वर्तुळात तासाला १४४ फेऱ्या मारतो आणि १८० पौंडांची ओढ लावतो. गुणाकार मिनिटाला सुमारे ३२,५७२ फूट-पौंड येतो. वॉटने तो ३३,००० असा पूर्ण केला. आजच्या मापात हे सुमारे ७४६ वॅट होतात. दिवसभर राबणाऱ्या सामान्य घोड्याच्या मानाने हा आकडा चढा होता, पण त्यामुळे यंत्र घेणाऱ्याची निराशा होण्याचा संभवही कमी झाला. युरोपात पुढे ‘पीएस’ नावाची मेट्रिक अश्वशक्ती रूढ झाली, ती ७३५.५ वॅटची. म्हणून १०० बीएचपीचे इंजिन पीएसमध्ये १०१.४ भरते आणि जाहिरातीत थोडे मोठे दिसते.

खरा घोळ मात्र एककाचा नाही, जागेचा आहे. वॉटचा सहकारी जॉन सदर्न याने १७९६ मध्ये सिलिंडरमधील वाफेच्या दाबाचा आलेख काढण्याची युक्ती शोधली. त्यावरून मिळणारी शक्ती ही पिस्टनवर झालेल्या कामाची. प्रोनीचा ब्रेक दांड्यावर मोजतो, म्हणजे यंत्राच्या आतील घर्षण वजा झाल्यानंतर. मोटारीत त्यापुढे गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि चाके येतात. एकाच इंजिनाचे हे तीन आकडे तिन्ही खरे असतात आणि प्रत्येक पायरीला लहान होत जातात.

या उतरंडीचा सर्वांत ठळक अध्याय अमेरिकेत घडला. १९६० च्या दशकात तेथील कंपन्या ‘ढोबळ’ अश्वशक्ती जाहीर करीत. इंजिन प्रयोगशाळेच्या स्टँडवर चढवायचे. एअर फिल्टर, पंखा, गाडीचा सायलेन्सर ही ओझी काढून ठेवायची. ठिणगीची वेळ सर्वोत्तम जुळवायची आणि मग आकडा घ्यायचा. हे लबाडीने केलेले नव्हते, अभियंत्यांच्या संघटनेच्या प्रमाणित पद्धतीतच ते बसत होते. फक्त त्या अवस्थेतले इंजिन कोणत्याही ग्राहकाच्या गाडीत नसे.

१९७१-७२ मध्ये ‘निव्वळ’ मोजणी आली. आता सगळी जोडसाधने आणि सायलेन्सर बसवूनच चाचणी होऊ लागली. कॅडिलॅक एल्डोराडोचे ८.२ लिटरचे इंजिन १९७० मध्ये ४०० अश्वशक्तीचे म्हणून विकले गेले. १९७१ मध्ये त्याचा ढोबळ आकडा ३६५ झाला. त्याच वर्षीच्या त्याच इंजिनाचा निव्वळ आकडा होता २३५. यातील ४०० वरून ३६५ ही घसरण खरी होती, कारण शिसेविरहित, कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी जनरल मोटर्सने दाबगुणोत्तर कमी केले होते. ३६५ वरून २३५ हा मात्र केवळ मापाचा फरक. दोन्ही बदल लागोपाठ आले आणि लोकस्मृतीत एक होऊन बसले. प्रदूषणाच्या नियमांनी अमेरिकी इंजिनांचा एका वर्षात जीव घेतला, असे आजही लिहिले जाते. त्यात तथ्य आहे, पण आकड्यांतली मोठी दरी पाडली ती सायलेन्सर जोडून मोजण्याच्या नियमाने.

निव्वळ आकडाही क्रँकशाफ्टवरचाच असतो. चाकांवरचा आकडा घ्यायचा तर गाडी रोलरवर चढवावी लागते. ज्ञात जडत्वाचा जड रोलर चाकांनी किती वेगाने फिरता केला, यावरून शक्ती कळते. दात्यांचे घर्षण, घुसळले जाणारे तेल आणि दबणारा टायर यांनी वाटेत काही भाग खाल्लेला असतो. ‘१५ टक्के वजा करा’ हा गॅरेजमधला ठोकताळा सोयीचा आहे, पण तो पदार्थविज्ञानाचा नियम नव्हे. या हानीचा काही भाग वेगाबरोबर वाढतो, काही भाराबरोबर. इंजिनाची शक्ती दुप्पट केली म्हणून तेवढ्याच वेगाला गिअरबॉक्समधले तेल दुपटीने घुसळले जात नाही. हवेचाही वाटा असतोच. लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो आणि टर्बो नसलेले इंजिन तिथे साधारण तेवढीच शक्ती देते. म्हणून मोजलेला आकडा प्रमाण तापमान व दाबाला रूपांतरित करावा लागतो.

असा रोलर खासगी गॅरेजांत पोचल्यावर कंपन्यांचा आकडा पडताळणे ग्राहकाच्या हाती आले. १९९९ ची फोर्ड मस्टँग कोब्रा ३२० अश्वशक्तीची म्हणून विकली जात होती. मालकांनी गाड्या रोलरवर चढवल्या तेव्हा हिशेब जुळेना. ऑगस्टमध्ये फोर्डने विक्री थांबवली, गाड्या परत बोलावल्या आणि इनटेक मॅनिफोल्ड, एक्झॉस्ट व इंजिनाचा संगणक बदलून दिला. २००५ मध्ये अमेरिकी अभियंता संघटनेने साक्षीदारासमोर चाचणीची पद्धत आणली. मापाचे नियम काटेकोर झाले तेव्हा टोयोटा कॅमरीचे तीन लिटरचे तेच इंजिन २१० वरून १९० वर उतरले.

भारतात वाहनाच्या मान्यतेसाठी इंजिनाची निव्वळ शक्ती स्टँडवर मोजली जाते. १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही असे काम करणाऱ्या संस्थांपैकी एक. माहितीपत्रकातला आकडा या मापाचा. रोलरवरचा आकडा त्याहून कमी आला म्हणून कंपनी खोटी ठरत नाही.

विजेच्या गाड्यांनी मात्र जाहिरातीची दिशाच उलटवली. २०२० मध्ये जीएमसीने विजेवरची हमर जाहीर करताना ११,५०० पौंड-फूट टॉर्क सांगितला, म्हणजे सुमारे १५,६०० न्यूटन-मीटर. हा आकडा चाकांवरचा होता. गिअरमधून जाताना शक्ती थोडी घटते, टॉर्क मात्र गिअरच्या गुणोत्तराने वाढतो. दीर्घकाळ कंपन्या चाकांपासून दूर मोजत आल्या. येथे चाकांवर मोजणे फायद्याचे ठरले.